लडी सोडताना : हाताने रंगवलेली लोकर, शाली आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हाताने रंगवलेल्या लोकरीच्या लड्यांवर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, संपादक म्हणाले आता तुम्हीच निस्तरा, म्हणून या वेळचं सगळं सदर शालींचं. एक आधीच सांगून टाकते, आपल्या मराठीत मागावरही विणतात आणि सुयांवरही विणतात, शब्द एकच, त्यामुळे दोघीतिघींनी पश्मिना शाल घरी कशी विणायची असं विचारलंय. ती काश्मिरी शाल मागावरची, ते खातंच वेगळं. आपण इथे सुया आणि लोकर एवढ्याबद्दलच बोलतोय.

ताई, रागावू नका, पण आपल्याकडे बाराही महिने घाम. गोव्यात शाल विणून करायचं काय? सत्काराच्या शालींचा गठ्ठा आधीच कपाटात पडलाय.
— एक वाचक, पणजी

रागावते कशाला, आमच्या घरातही हाच प्रश्न दर वर्षी येतो. सत्काराच्या शाल-श्रीफळातलं श्रीफळ निदान सोलकढीला उपयोगी पडतं, शाल मात्र कपाटात जाते ती जातेच, कारण ती अंगावर घ्यायची शालच नसते हो, फोटोपुरती असते. पण जानेवारीत पहाटे जत्रेला निघालात तर पारा २० च्या आसपास असतो आणि सत्तरी तालुक्याकडे आत गेलात तर अजून गार, शिवाय रात्रीच्या एसी बसने पुण्याला जाऊन बघा एकदा, मग शालीची आठवण होते की नाही ते सांगा.

आपल्या हवेला जाड शाल नको, बारीक लोकरीची मोकळी विणलेली हवी. मऊ मेरिनोची बारीक लडी मिळते, १०० ग्रॅमची, त्यात साधारण ४०० मीटर दोरा असतो आणि एका लडीत खांद्यावर घ्यायची शाल होते, म्हणजे वजन किती तर दोन अंड्यांएवढं. सुती दोऱ्याची करू का, असं पुष्कळजणी विचारतात. करा, पण छोटी करा. सुताला लवचिकपणा नाही, मोठी शाल स्वतःच्याच वजनाने लांब लांब होत जाते आणि चार धुण्यांनंतर त्रिकोणाचा टॉवेल होतो, माझी एक झालीय. रेशीम मिसळलेलं सूत किंवा बांबूचा दोरा अंगाला गार लागतो आणि पडतोही छान, फक्त सुई एक साइझ बारीक घ्या.

लडीत रंग इतका सुंदर दिसत होता, निळा, हिरवा आणि मध्येच अबोली. त्रिकोणी शाल विणायला घेतली तर वरती जाड पट्टे आले, मध्ये ठिगळं लागल्यासारखं दिसतंय आणि खाली नुसत्या तुटक रेघा. माझं कुठे चुकलं?
— म्हापशाहून

तुमचं काही चुकलेलं नाही, हे सगळ्यांचं होतं. याला पूलिंग म्हणतात, म्हणजे रंगाची डबकी साचणं, आणि ती का साचतात हे एकदा कळलं की मग ती साचू द्यायची की नाही हे आपण ठरवू शकतो.

असं बघा, लडी रंगवताना ती मोठ्या वेढ्यासारखी पसरलेली असते, एक वेढा बहुतेक वेळा दीड मीटरच्या आसपास. त्यावर तीन ठिकाणी तीन रंग ओतले की दर दीड मीटरला तेच तीन रंग त्याच क्रमाने परत येणार. आता बारीक लोकर आणि ४ मिमीची सुई धरली तर एका टाक्याला अंदाजे दीड सेंटीमीटर दोरा जातो, म्हणजे शंभर टाक्यांत एक फेरा पूर्ण. तुमच्या शालीच्या वरच्या टोकाला ओळीत वीस-पंचवीसच टाके होते, त्यामुळे एकेक रंग अख्खी ओळ भरून टाकत होता, म्हणून जाड पट्टे. ओळ पन्नास टाक्यांची झाली तशी जाऊन-येऊन दोन ओळींत शंभर टाके झाले, रंग फिरून बरोबर त्याच जागी आला आणि आधीच्या रंगावर बसला, ती तुमची ठिगळं. आणि खाली तीनशे टाक्यांची ओळ, तिथे एकाच ओळीत तेच रंग तीन तीनदा येऊन जातात, म्हणून तुटक रेघा. शाल एकच, लडी एकच, फक्त ओळीची लांबी बदलत गेली.

उपाय सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा तो म्हणजे दोन लड्या घेऊन दर दोन ओळींना आलटून पालटून विणणं. हे एकाच रंगाऱ्याच्या एकाच नावाच्या दोन लड्या असल्या तरी करा, हाताने रंगवलेल्या दोन लड्या कधीच जुळ्या नसतात, सख्ख्या बहिणी असतात फार तर. एकच लडी असेल तर दर चौथा टाका न विणता नुसता दुसऱ्या सुईवर सरकवायचा, दोन ओळींनी परत, त्याने खालचा रंग वर ओढला जातो आणि ठिगळाची कड मोडते. किंवा सरळ दोन्ही बाजूंनी सुलट टाके, तेही चालतं.

जे बिलकुल करू नये ते म्हणजे अशा बहुरंगी लडीवर नाजूक जाळीचं डिझाइन. मी पहिल्या वर्षी पानांची जाळी घातली होती, चोवीस ओळींचा नमुना, रोज रात्री चष्मा लावून मोजत बसायची, आणि पूर्ण झाल्यावर शेजारणीने विचारलं ही फाटली कुठे. रंग बडबडा असेल तर टाका गप्प ठेवायचा, आणि जाळीच करायची असेल तर एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांची लडी घ्यायची, तिथे पान पानासारखं दिसतं.

गोल शाल करणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. एलिझाबेथ झिमरमन नावाच्या विणकाम शिकवणाऱ्या बाई होत्या, जन्म इंग्लंडचा, काम सगळं अमेरिकेत, १९९९ साली गेल्या. त्यांनी शाळेतल्या भूमितीवरून गोल शालीचा हिशोब बसवला, त्रिज्या दुप्पट झाली की परीघ दुप्पट होतो, मग टाकेही तेव्हाच दुप्पट करायचे, मधे काही वाढवायचंच नाही. नऊ टाक्यांनी सुरुवात, एक फेरी, टाके दुप्पट, मग ३ फेऱ्या आणि दुप्पट, मग ६, मग १२, २४, ४८. इतकं सोपं की टीव्ही बघत होतं. पण बडबड्या लडीला ते अवघड जातं, कारण २४-२४, ४८-४८ फेऱ्या टाक्यांची संख्या एकच राहते आणि रंगाला डबकी करायला भरपूर वेळ मिळतो. तिथे दोन लड्यांशिवाय जाऊ नका.

दुकानातून पांढरी लोकर आणली, व्हिडिओ बघून व्हिनेगर आणि खाण्याचा रंग घालून उकळली. तासभर उकळूनही पाणीच रंगीत, लोकर फिक्कट गुलाबी सुद्धा झाली नाही.
— साखळी

कारण ती लोकरच नसणार हो. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जे गुंडे लटकवलेले असतात त्यातले बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे प्लास्टिकच. व्हिनेगरवाला रंग प्राण्यापासून आलेल्या धाग्यावर चढतो, म्हणजे मेंढीची लोकर, रेशीम. अ‍ॅक्रिलिकवर चढत नाही आणि सुतावर चढला असं वाटलं तरी धुण्यात निघून जातो, सुताचे रंग वेगळे, त्यांना धुण्याचा सोडा लागतो आणि उकळावंही लागत नाही.

पुढच्या वेळी विकत घेण्याआधी बोटभर तुकडा मागून आणा आणि चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून बघा, खाली पाण्याची वाटी ठेवून. केस जळल्याचा वास आला, आपणच विझली आणि राख बोटांनी चुरली तर खरी लोकर. कागद जळल्यासारखा वास म्हणजे सूत. वितळून काळा टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक, ती बाळाच्या टोपीला ठेवा, रंगवायला नाही.

खऱ्या लोकरीला मात्र खाण्याच्या रंगाने सुरुवात करणं उत्तम, भीती नाही. लोकर आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजत ठेवा, पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्व, आच मंद, बुडबुडे यायच्या आधीची, आणि ढवळायचं नाही. हे ढवळण्याचं फार महत्त्वाचं आहे कारण गरम पाणी आणि घुसळणं एकत्र आलं की साधी लोकर आवळून नमदा होते. रंग सगळा लोकरीने पिऊन घेतला की पाणी चक्क स्वच्छ होतं, पहिल्यांदा बघाल तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाक मारून दाखवाल. मग गॅस बंद आणि त्याच भांड्यात गार होऊ द्या. पुढे पावडरचे खरे डाय वापरायला लागलात की भांडं, चमचा, चिमटा सगळं वेगळं ठेवायचं, परत त्यात आमटी नाही, आणि पावडर उघडताना नाकाला मास्क.

परदेशी पॅटर्नमध्ये ८ नंबरची सुई लिहिली होती. माझ्याकडे आईच्या ८ नंबरच्या सुया आहेत, त्याच वापरल्या. शाल पुठ्ठ्यासारखी झाली आणि निम्मीच.
— मडगाव

आईच्या सुया ब्रिटिश नंबरच्या, पॅटर्न अमेरिकन. दोघांचे नंबर उलटे चालतात, ब्रिटिश नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते, अमेरिकन वाढतो तशी जाड. तुमची ८ नंबर ४ मिमीची, त्यांची ८ नंबर ५ मिमीची. १० नंबरला तर अजून गंमत, आपली ३.२५ आणि त्यांची ६. फक्त ७ नंबर दोन्हीकडे साडेचार मिमी, कसा काय जुळला देव जाणे. नंबर विसरा आणि मिमी बघा, सुईवर लिहिलेलं नसेल तर भोकांची पट्टी मिळते तिच्यात घालून मोजा. उसवा आणि परत घाला, दुसरा इलाज नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका, उसवलेली लोकर एकदा भिजवून वाळवली की सुरकुत्या जातात.

एकाच लडीची त्रिकोणी शाल. निम्मी लोकर उरली तेव्हा वाटलं निम्मं काम झालं, भरपूर आहे, म्हणून काठाला मोठी जाळी घेतली. शेवटच्या पाच ओळी राहिल्या आणि दोरा संपला. तीच लडी आता मिळत नाही.
— फोंडा

तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. वरून खाली विणायच्या त्रिकोणात हीच फसगत असते. आपण ओळी मोजतो, पण प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा रुंद, त्यामुळे निम्मी लोकर संपते तेव्हा ओळी निम्म्या नाही, शंभरातल्या सत्तर झालेल्या असतात. म्हणजे पुढे तीसच राहिल्या. आणि शेवटच्या दहा टक्के ओळींना किती लोकर लागते माहितीय, जवळपास एकोणीस टक्के. तीनशे टाक्यांची एक ओळ एक ते दीड ग्रॅम सहज खाते, वर टाके बंद करायला काठाच्या रुंदीच्या तीन ते चार पट दोरा वेगळा बाजूला ठेवावा लागतो, तो कुणीच धरत नाही.

म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा सुयांच्या पिशवीत गेला पाहिजे, त्यातल्या त्यात एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असला तर उत्तमच. जाळी सुरू करायच्या आधी गुंडा तोला, दोन ओळी विणा, परत तोला, उरलेल्या ओळींनी गुणा आणि वर थोडं जास्त धरा, कारण ओळी रुंद होत जाणार. एक गंमत सांगते, लोकर हवेतला ओलावा शोषते, स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि तरी हाताला कोरडीच लागते. त्यामुळे मे महिन्यात तोललेली लडी आणि जुलैत तोललेली लडी यांची तुलना करू नका, पावसाळ्यात ती वजनाला उगाच श्रीमंत दिसते.

आता तुमच्या शालीचं काय. तीच लडी शोधत बसू नका, मिळाली तरी रंग जुळणार नाही आणि न जुळलेला जवळचा रंग फार वाईट दिसतो, चूक झाल्यासारखा. त्यापेक्षा पूर्ण वेगळा रंग घ्या. पाच ओळी राहिल्यात ना, तुमची जाळी जिथे सुरू होते तिथपर्यंत उसवा आणि अख्खी जाळी दुसऱ्या रंगात करा, गडद घ्या. बघणाऱ्याला वाटेल आधीपासून असंच ठरलं होतं.

फणसाच्या लाकडाच्या भुशाने पिवळा रंग येतो असं वाचलं. सुताराकडून भुसा आणला, तुरटी वापरली, सगळं नीट केलं. आला तो शेवाळी. आणि भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सालींचं जे केलं त्याचं तर विचारूच नका.
— डिचोली

विचारणारच. पण आधी फणस. तुम्ही वाचलंत ते अगदी बरोबर आहे, फणसाच्या गाभ्याचं लाकूड सुंदर पिवळा रंग देतं, आग्नेय आशियात बौद्ध भिक्खूंची चीवरं त्यानेच रंगवत आलेत. तुम्हाला शेवाळी आला याचं कारण मला वाटतं पाणी किंवा भांडं. पाण्यात लोह असलं की झाडापासून केलेले बहुतेक रंग काळवंडतात, पिवळ्याचा शेवाळी होतो आणि सुपारीसारख्या तुरट रंगाचा तर सरळ राखाडी काळा. तुमच्याकडे लाल माती, त्यात खाणींचा पट्टा, विहिरीच्या पाण्याने बादलीच्या आत तांबूस थर धरतो का बघा. धरत असेल तर तुमचं उत्तर त्या बादलीतच आहे. लोखंडी कढई वापरली असेल तरी तेच, स्टीलचं पातेलं घ्या.

आणि पाण्याचं काय करायचं, तर आपल्यावर देवाची कृपा आहे, वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण तो गटारात घालवतो. पहिले आठ-दहा दिवस छप्पर धुऊन निघू द्या, मग पागोळ्यांखाली स्वच्छ पिंप लावा. ते पाणी रंगाला मऊ आणि चोख. माझी सगळी पिवळी कामं श्रावणातली आहेत.

कृती मी अशी करते. १०० ग्रॅम लोकरीला १० ते १२ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात लोकर मंद आचेवर तासभर, मग तशीच रात्रभर. भुसा वेगळा, लोकरीच्या वजनाइतका किंवा थोडा जास्तच, रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी तासभर उकळून फडक्याने गाळायचा, दोनदा गाळा कारण लोकरीत अडकलेला भुसा आयुष्यभर टोचत राहतो. मग त्यात तुरटीची लोकर पाऊण तास, मंद. भुसा मात्र आतल्या पिवळ्या लाकडाचा मागा, बाहेरच्या पांढऱ्या भागात रंग नाही, सुतार देताना सगळं एकत्र झाडून देतो. शेवाळी लडी टाकू नका, त्या रंगाला उलट मागणी आहे.

भिरंड आता. सोलं कढीत घाला, लोकरीत नको. त्या लाल रंगाचा स्वभावच असा की आंबटात लाल आणि साबण लागला की मळका हिरवट-निळसर, तुमचं तेच झालं असणार, आणि उन्हात तर तो टिकतच नाही. हळदीचंही तसंच, पहिल्या दिवशी झळाळी आणि महिनाभरात विटका. मी दोन्ही करून बघितलंय, दोन्हीच्या लड्या कुणाला दाखवत नाही.

लाल-पांढरी शाल विणली आणि धुतली तर पांढऱ्याचं गुलाबी झालं. आता मिठाच्या पाण्यात ठेवू का?
— वास्को

मीठ घालून काही होत नाही. हा समज आजीच्या काळापासून आहे आणि चुकीचा आहे, रंगवत असताना सुताच्या रंगाला मीठ मदत करतं ते वेगळं, रंगवून झालेल्या कापडाचा सुटता रंग मीठ धरून ठेवत नाही. माझ्या हातून अबोली आणि पांढऱ्या शालीचं हेच झालं होतं, भाचीच्या लग्नासाठी विणलेली, विकणाऱ्याने रंग पक्का म्हणून सांगितलेलं आणि मी मेली चाचणी न करता विश्वास ठेवला. ओली शाल पसरून झोपले, सकाळी उठून बघते तर पांढऱ्यात अबोलीचे ओघळ.

तुमची शाल अजून वाळली नसेल तर लगेच भरपूर गार पाण्यात थोडा साबण घालून परत परत खळबळा, पाणी बदलत राहा, वेळेत केलं तर बरंचसं निघतं. वाळली असेल तर अख्खी शाल फिक्या गुलाबीत बुडवून रंगवून टाका आणि तेच डिझाइन होतं म्हणून सांगा. मी तेच केलं.

पुढच्या वेळी विणायच्या आधी लाल लडीच भिजवा. पाणी रंगीत झालं तर ती खरी लोकर आहे आणि आम्लाचा रंग आहे असं धरून व्हिनेगरच्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास ठेवा, गार करा, धुवा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तिला पांढऱ्याच्या जवळ फिरकू देऊ नका. विणताना बोटं लाल होत असतील तर तो इशाराच समजा.

मला कुणबी साडीची लाल चौकड शालीत आणायची आहे. सुईवर कशी जमेल? आणि पहिल्यांदाच स्वतःचं डिझाइन करतेय, कुठून सुरू करू?
— केपे, कॉलेजची विद्यार्थिनी

अगं वा, हे पत्र मी दोनदा वाचलं. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी परत लोकांच्या नजरेसमोर आणली त्यानंतर ती चौकड पिशव्यांपासून पडद्यांपर्यंत सगळीकडे दिसायला लागली, पण सुयांवर केलेली मी तरी पाहिलेली नाही.

आधी एक लक्षात घे, मागावर उभे आडवे दोन धागे असतात म्हणून चौकड आपोआप होते. सुईवर दोरा एकच, तो आडवाच चालतो. त्यामुळे आडव्या रेघा फुकट मिळतात आणि उभ्यांची युक्ती करावी लागते. मी अशी करीन, लाल लोकरीत जाताना सगळे सुलट आणि येताना सगळे उलट टाके, दर सोळा ओळींनी दोन ओळी पांढऱ्या. उभी रेघ जिथे हवी तिथे सुलट बाजूने एक टाका कायम उलट घ्यायचा आणि मागे येताना त्याच टाक्याला परत सुलट, म्हणजे तिथे वरून खाली एक बारीक नाली तयार होते. शाल पूर्ण झाली की त्या नालीतून क्रोशाने पांढऱ्या दोऱ्याची साखळी वर काढत न्यायची. साखळी सैल ठेव नाहीतर शाल त्या रेघेवर गोळा होते.

हे त्रिकोणात करू नकोस, लांब आयताकृती शालच कर. त्रिकोणी शालीची सुरुवात मात्र शिकून ठेव, पुढे लागेल, तीन टाके घालून सहा ओळी सुलट, मग पट्टी वळवून तिच्या बाजूचे तीन टाके आणि सुरुवातीच्या कडेचे तीन टाके उचलायचे, झाले नऊ. त्यातले दोन्ही कडांचे तीन तीन काठाचे, मधला एक कण्याचा, आणि दर सुलट ओळीला दोन्ही काठांच्या आत एकेक आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अशी चार जाळीची वाढ. बस, वरून खाली विणायच्या बहुतेक त्रिकोणी शाली याच्यावरच उभ्या आहेत.

रंगाचं सांगते. लाल लडी एकसारख्या सपाट लालची घेऊ नकोस, हाताने रंगवलेली, कुठे कुंकवासारखी कुठे लाल मातीसारखी अशी फिकी-गडद घे, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या जुन्या साडीचा लाल तसाच असतो. पांढरा पण शुभ्र नको, सायीचा. आणि कुठलेही दोन रंग एकत्र घ्यायच्या आधी दोन्ही लड्या शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढ, काळा-पांढरा कर. दोन्ही एकसारखे राखाडी दिसले तर विणल्यावर डिझाइन चार हातांवरून दिसणार नाही, मग डोळ्यांना रंग कितीही वेगळे वाटू देत. सुरुवात वीतभर चौकोनापासून. तो चौकोन विणून धुऊन वाळवून मगच टाके मोज, न धुता मोजलेला चौकोन खोटं बोलतो, विशेषतः मशीनमध्ये धुता येते अशी जी प्रक्रिया केलेली लोकर असते ती, धुतल्यावर हातभर लांब होते.

काम झालं की फोटो पाठव. मला बघायचंय.

पावसाळ्यात शाल ताणून वाळत घातली तर चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो. शिवाय ठेवणीतल्या लड्यांना कसर लागली.
— पेडणे

जाळीची शाल ताणल्याशिवाय उघडत नाही हे खरं, पण आषाढात कशाला ताणताय, थांबा गणपतीनंतर. अगदी घाईच असेल तर भिजवल्यावर मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, अक्षरशः, मग गादीवर ताणा आणि रात्रभर पंखा. टाचण्या गंज न धरणाऱ्याच हव्यात, आपल्या दमट हवेत साध्या टाचण्या एका रात्रीत तपकिरी ठिपके सोडतात आणि ते जात नाहीत. टाचण्या कमी लागाव्यात म्हणून काठातून मजबूत दोरा ओवून तो ताणला तर कडही सरळ येते.

कसर लागते ती मळलेल्या, घामाच्या लोकरीला आधी. म्हणून धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. लागलेल्या लड्या पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग उन्हात झटका. मासळीच्या शेजारी ठेवू नका एवढंच.

शाल विकायची झाली तर किंमत किती लावू?
— काणकोण

लोकरीचा खर्च आणि लागलेले तास लिहून ठेवा, तासाला निदान घरकामाला येणाऱ्या बाईला देता तेवढं तरी स्वतःला द्या, आणि बेरीज बघून लाजू नका. शंभरातल्या नव्वद जणी घासाघीस करतील, त्यांना विकू नका.

मी विणत नाही. बायको विणते. प्रत्येक नवी लडी आली की मला खुर्चीत बसवून दोन्ही हातांत ती अडकवली जाते आणि अर्धा तास मी हलू शकत नाही, मॅच असली तरी. यातून सुटका आहे का?
— एक नवरा, पर्वरी

आहे की. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, लडी उलगडून दोन्ही पाठींवरून घाला आणि खुर्च्या लांब सरकवून ताण द्या. लडीला तीन-चार ठिकाणी आठाच्या आकड्यासारखे दोरे बांधलेले असतात, ते लडी नीट बसल्याशिवाय कापायचे नाहीत, घाई करून आधी कापले की जी गुंतागुंत होते ती सोडवायला मॅच नाही, अख्खी सिरीज जाते. मग सुटं टोक शोधून खुर्च्यांभोवती फिरत गुंडा करायचा, आणि गुंडाळताना दोन बोटं मधे ठेवायची म्हणजे दोरा ताणला जात नाही, घट्ट गुंड्यातून विणलेली शाल धुतल्यावर आक्रसते. खुर्च्या जड घ्या, प्लास्टिकच्या ओढल्या जाऊन पडतात. गुंडाळायचं काम मात्र तुम्हीच करा, वहिनींना तेवढ्यात चहा घेऊ द्या.